डावा गाल

भिंतीवरचा मजकूर मावशींनी तीनदा वाचला. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्म्यातून, आणि एकदा चष्मा रुमालाने पुसून. तिन्ही वेळा तो तोच निघाला.

‘या बारा चेहऱ्यांवर कुणाचाही हात फिरलेला नाही. पेन्सिल नाही, ब्रश नाही, लपवाछपवी नाही. फक्त समोर बसलेला थोर माणूस, आणि प्रकाश.’

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण या बाराच्या बारा चेहऱ्यांवर हात फिरला होता, चांगला भरपूर फिरला होता, आणि तो मावशींचा होता.

एकोणतीस वर्षं. याच फोटो स्टुडिओच्या माडीवर, खिडकीपाशी, एका उतरत्या मेजावर. मेजाला मधोमध चौकोनी भोक, त्यात दुधी काच, खाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने तळहाताएवढ्या फिल्मवर ठिपके द्यायचे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. माणसाची काळी सुरकुती तिथे पारदर्शक दिसते. पेन्सिलीने ती बुजवली की कागदावर कातडी गुळगुळीत उमटते. आणि जिथे नको तेवढी चमक असेल तिथे पातळ सुरीने फिल्म खरवडायची. पेन्सिल पुसता येते. सुरी पुसता येत नाही, म्हणून शहाणं माणूस अडल्याशिवाय सुरी उचलत नाही.

थोर माणसं खाली मालकांसमोर अर्धा तास बसत, चहा पिऊन जात, आणि मग आठवडाभर वर मावशींच्या भिंगाखाली मुक्काम ठोकत. थोरल्या कवींच्या नाकावरची चामखीळ, नटश्रेष्ठांची दुसरी हनुवटी, जिच्या नजरेवर अख्खा मुलूख जीव टाकायचा त्या नर्तकीच्या डोळ्यांखालची जागरणं, सगळं मावशींनी एकेका ठिपक्याने काढलं होतं. “थोर लोकांच्या नाकपुड्या मी जितक्या जवळून पाहिल्या,” असं त्या घरी म्हणायच्या, “तितक्या त्यांच्या घरच्यांनीसुद्धा पाहिल्या नसतील.”

“हे कोणी लिहिलं?” मावशींनी विचारलं.

मालकांचा नातू शिडीवर चढून दिवा वळवत होता. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. आता स्टुडिओ त्याच्याकडे, आणि शुक्रवारी आजोबांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन. वय पस्तीस, दाढी कोरलेली. मावशी त्याला तोंडावर छोटे मालक म्हणत, आणि रागावल्या की नुसतं अरे.

“मीच लिहिलं. कसं वाटलं?”

“खोटं वाटलं.”

तो हसला. “मावशी, थोडं काव्य चालतं हो भिंतीवर.”

“काव्य? अरे, शाळेच्या पहिल्या फोटोत तुझ्या नाकाखाली काय होतं आठवतंय? ते कुणी काढलं? प्रकाशाने?”

शिडीवरून उतरताना त्याचा चेहरा जरा उतरलाच. पण माणूस गोड बोलणारा. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. म्हणाला, तुम्ही होतात, कबूल आहे, पण रिटचिंग म्हणजे शेवटी साफसफाई. नजर आजोबांची. आता लोकांना अस्सल हवं असतं. मधेच पेन्सिल आली की पाहुणे विचारतात, मग यात खरं काय?

‘साफसफाई’ हा शब्द मावशींनी पाण्याबरोबर गिळायचा प्रयत्न केला. ठसका लागला.

त्या उठल्या. टेबलावर बारा निगेटिव्ह नव्याकोऱ्या पांढऱ्या पाकिटांत मांडून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक त्यांनी काढली, कडेने धरली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी केली. फिल्मच्या एका बाजूवर शिशाची बारीक चमक उठली. हजारो ठिपके, स्वल्पविरामाएवढे.

“हे बघ. नऊ दिवस. हे बाईंचं आहे.”

ती बाईंची तसबीर कुणाला माहीत नाही? मान किंचित वर, डावा गाल उजेडाकडे, आणि त्या गालावर असा काही शांतपणा की संगमरवरानेही लाजावं. रंगभूमीवर एवढ्या नट्या झाल्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की लोकांना हाच चेहरा आठवायचा. तो शाळेच्या पुस्तकात होता, केस कापायच्या दुकानांत होता. टपालाच्या तिकिटावरही होता, आणि पोस्टातला शिक्का नेमका त्या गालावर बसला की मावशींचा जीव चरफडायचा. प्रदर्शनाचं पोस्टरही तेच.

“असतील ठिपके,” नातू म्हणाला. “पण ते तुमचेच कशावरून? आजोबांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी उद्या नाव लावलं आणि कुणी विचारलं तर काय दाखवू?” मग त्याला एकदम काहीतरी सुचलं, बहुतेक सुटका. “असं करा. बारांपैकी एकट्या बाई हयात आहेत. त्यांच्याकडून एक ओळ लिहून आणा, की हे काम तुमचं. मी फोटोखाली तुमचं नाव लावतो. शब्द देतो.”

“आणि भिंतीवरचं?”

“तेही बघू.”

“ही मी नेते,” म्हणत मावशींनी निगेटिव्ह पाकिटात सरकवली आणि पाकीट पिशवीत.

“मावशी! सोमवारी स्कॅन करायचीय ती!”

“इतकी वर्षं सांभाळली, दोन दिवस नाही सांभाळता येणार?” आणि त्या जिना उतरल्यासुद्धा.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो निवृत्त, शब्दकोडी सोडवणारा, स्वभावाने थंड. म्हणाला, “अगं, तिकिटावर नाव छापतात का कुणी गालाला साबण लावणाऱ्या न्हाव्याचं?”

“मी साबण लावत नव्हते!”

“बरं, वस्तरा.”

मावशींनी त्याच्या कोड्यातला एक शब्द मुद्दाम चुकीचा सांगितला आणि झोपायला गेल्या.

*

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार भाचीने उघडलं. “अर्धाच तास हं, मावशी फार बोलली की दमते,” असं तिने बजावलं, आणि आपल्यासारख्याच आणखी एका मावशीकडे मावशी आत गेल्या.

बाई खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या, पाठ ताठ. केस डाव्या बाजूने पुढे ओढून घेतलेले. मावशींनी त्यांना आयुष्यात जवळून कधी पाहिलंच नव्हतं. फोटोच्या दिवशी त्या माडीवर होत्या आणि बाई खाली. पण हा चेहरा त्यांना स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा पाठ. एकेका छिद्रासकट. त्यामुळे त्या मोठ्या हौसेने पुढे झाल्या, जसं आपण वाढवलेल्या पोराकडे जावं तसं.

“या, बसा. तुम्ही त्या स्टुडिओतल्या?”

“हो. मी वर असायचे. तुमच्या त्या फोटोचं काम माझं.” मावशींनी श्वाससुद्धा घेतला नाही. “नऊ दिवस लागले होते, बाई. डाव्या गालावर तर मला मुंगीच्या पावलाने जावं लागलं. आणि आता नातू म्हणतो, कुणी हातच लावला नाही! मला फक्त एक ओळ हवीय तुमच्याकडून. की हे काम या बाईचं.”

बाईंनी डाव्या हाताने केस मागे सारले.

गालाच्या हाडापासून मानेपर्यंत कातडी ओढल्यासारखी झाली होती, काळपट रेघांनी गुंतलेली, मधे मधे मेणासारखी चकचकीत. कानाची पाळी नव्हतीच. वयाने सगळं थोडं निवलं होतं, पण मावशींनी ते लगेच ओळखलं. त्यातल्या प्रत्येक रेघेवर त्यांची पेन्सिल फिरली होती.

“म्हणजे ती तू,” बाई म्हणाल्या. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. “चाळीस वर्षं मी विचार करतेय, कोण असेल ती व्यक्ती. मला वाटायचं पुरुष असेल.”

“बाई, मी...”

“थांब. तू नऊ दिवस बोललीस. आता मी.”

आणि बाई बोलल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मावशींना सोपं गेलं असतं.

नाटकगृहाला आग लागली ती प्रयोगाच्या आधी. मागचं दार बाहेरून कुलूप लावून बंद केलेलं असायचं, कारण कामगार आपल्या ओळखीच्यांना फुकट आत घेतात असा नाटकगृहाच्या धन्याचा संशय. आत तिघं अडकली. सुतार, पडद्यामागून वाक्यं सांगणारा म्हातारा, आणि बाईंचे कपडे सांभाळणारी एकोणीस वर्षांची मुलगी. बाई शेवटपर्यंत त्या दारावर आतून धडका देत होत्या. त्यांना कुणीतरी पुढच्या दाराने ओढून बाहेर काढलं, ती तिघं आतच जळाली. धन्याने सांगितलं, दार उघडंच होतं, आग किरकोळ होती, बाईंना तर ओरखडासुद्धा नाही, त्या नसतं कुभांड रचतायत. चौकशी बसली. दोन महिन्यांनी दवाखान्यातून सुटल्यावर बाई आधी स्टुडिओत गेल्या.

“वर्तमानपत्र माझा जबाब छापणार होतं. सोबत फोटो. म्हणून डावी बाजू दिव्याकडे करून बसले. तुझे मालक म्हणत होते, उजवीकडून घेतो, सुंदर येईल. मी म्हटलं, सुंदर नकोय मला. फोटोला आधीच उशीर झाला होता, म्हणून प्रिंट तुमच्याकडून थेट छापखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडला.”

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला गाडी मागे घे, मागे घे म्हणून ओरडत होतं.

“वर माझा जबाब. त्यात लिहिलंय, माझा गाल आणि कान भाजला. आणि खाली हा... हा पुतळा. चौकशीच्या साहेबाने पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, बाई, तुम्हीच बघा. लोक हसले. दाराचं पुन्हा कुणी विचारलंच नाही. तिथे मी गाल दाखवला तेव्हाही, आणि पुढे कुणाला डाग दिसले तेव्हाही हेच म्हणायचे, नंतर घरी भाजलं असेल, त्या फोटोत कुठे होते? आणि तुझे मालक म्हणाले, बाई, फोटो काय आलाय, लोक वेडे झालेत.”

“मला माहीत नव्हतं,” मावशी कशाबशा म्हणाल्या. “बाई, शपथेवर. मला वर कुणी काही सांगत नसे. मालक नुसतं म्हणायचे, साफ कर.”

“मी चिठ्ठी दिली होती.”



चिठ्ठी होती. निगेटिव्हच्या पाकिटाला टाचणीने लावलेली, शाईने लिहिलेली. ‘जसं आहे तसं ठेवावं. हात लावू नये.’ मावशींनी ती वाचली होती. वाचून हसल्या होत्या, चांगल्या मोठ्याने. कारण वयाच्या बाविसाव्या वर्षीही त्यांना धंद्यातली एक गोष्ट पक्की कळलेली होती : ‘जसं आहे तसं’ म्हणणारं गिऱ्हाईकच प्रिंट बघून पहिलं रडतं. न्यायाधीश असो की नटी, सगळे तसंच म्हणतात आणि कुणालाच तसं नको असतं. म्हणून माडीवरचा नियम होता की अशी चिठ्ठी आली की दुप्पट साफ करायचं. मावशींनी दुप्पट साफ केलं. कानाची जळकी चमक पेन्सिलीला दाद देईना, तेव्हा सुरी उचलली. मालकांनी पाठीवर थाप मारली. मावशी त्या संध्याकाळी घरी गाणं म्हणत गेल्या होत्या.

“दिली होतीत,” त्या म्हणाल्या. “मी वाचली होती.”

“वाचूनसुद्धा?”

“वाचली म्हणूनच.”

हे समजावून सांगणं किती कठीण आहे ते सांगता सांगता मावशींना कळलं. बाईंनी सगळं ऐकलं. मग त्या इतक्या संतापल्या की खुर्चीचा वेत करकरला.

“म्हणजे माझं म्हणणं काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं! त्या पोरीचं नाव तरी माहीत आहे तुला? माझ्या गालावर होतं ते. दुसरं कुठेही नव्हतं. ना कागदावर, ना दगडावर. तेवढंच होतं, आणि ते तू नऊ दिवस बसून, मुंगीच्या पावलाने! आणि आज मिठाई मागावी तशी माझ्याकडे सही मागायला आलीस!”

भाची दारात आली. बाईंनी तिला हातानेच परत पाठवलं.

मावशी रडल्या नाहीत. रडण्याची ही जागा नाही एवढं त्यांना कळत होतं. इथे रडणं म्हणजे पुन्हा स्वतःचंच पुढे करणं. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं.

“बाई, ही तीच. पेन्सिल पुसता येते. तुम्ही म्हणालात तर आज पुसते. पण कान येणार नाही. कान मी खरवडलाय.”

बाईंनी निगेटिव्ह हातात घेतली, उजेडाकडे धरली. पांढरे केस, पांढरे डोळे, उलटा चेहरा.

“मला विचारतेस?” त्या म्हणाल्या. “या वेळी विचारतेस?”

“हो.”

“पूस. आणि तुझ्या त्या छोट्या मालकाला सांग, शुक्रवारी मी येणार. केस मागे बांधून. जो फोटो लावशील त्याच्याशेजारी उभी राहणार.” मग जरा थांबून, “तुला माफ वगैरे केलेलं नाहीये मी. असलं काही डोक्यात घेऊन जाऊ नकोस.”

“नाही घेणार.”

*

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेला मावशींनी पांढरा कागद चिकटवला, त्यावर निगेटिव्ह. कापूस, टर्पेंटाइनची बाटली. वास घरभर झाला.

“कुणाचं दार रंगवतेस?” बाहेरून नवऱ्याने विचारलं. मग आत येऊन त्याने बायकोचा चेहरा पाहिला आणि काही न बोलता पंखा बंद केला, कापूस उडू नये म्हणून.

पहिला बोळा गालावरून फिरला. शिसं निघून आलं, राखाडी, बोटाच्या ठशाएवढं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि कापसावर ते नुसतं मळासारखं दिसत होतं. मावशींना संताप आला, आणि कुणाचा ते त्यांना नीट सांगता येईना. कुलूप लावणाऱ्याचा. ‘फोटो काय आलाय’ म्हणणाऱ्या मालकांचा. त्या माडीवरच्या बाविशीतल्या पोरीचा तर इतका, की ती समोर असती तर मावशींनी तिच्या कानाखाली वाजवली असती, अशी ती चिठ्ठी हातात धरून हसत होती. गालावरच्या पारदर्शक रेघा एकेक करून वर आल्या. हाडापासून मानेपर्यंत, फांद्या फुटल्यासारख्या. कानापाशी काहीच आलं नाही. तिथे फक्त सुरीचे ओरखडे होते.

सोमवारी त्या स्टुडिओत गेल्या. नातवाने निगेटिव्ह घेतली, स्कॅनरवर ठेवली. पडद्यावर चित्र वरून खाली उतरू लागलं. आधी केस, मग कपाळ, डोळे. मग गाल.

“हे काय झालं? मावशी, हे काय केलंत!”

“साफसफाई.”

“अहो, खराब झाली! तीनशे पोस्टरं छापलीत मी! लोक तो चेहरा बघायला येणार!”

“तो चेहरा कुणाचाच नव्हता.” मावशींनी उभ्याउभ्याच सांगितलं. कुलूप, तिघं, जबाब, चौकशी, चिठ्ठी. आपलं हसणंही सांगितलं, ते गाळलं नाही.

नातू खाली बसला. चेहऱ्यावरची दाढीसुद्धा मावळल्यासारखी दिसली. पण धंदेवाला माणूस, लवकर सावरला. “वाईट झालं. खरंच. पण प्रदर्शन आजोबांचं आहे, मावशी. माझ्याकडे जुनी प्रिंट आहे. मी तीच लावतो. याचं नंतर काहीतरी वेगळं करू, नीट, सन्मानाने.”

“नंतर? चाळीस वर्षं झाली की नंतर करून! लाव जुनी प्रिंट. खुशाल लाव. शुक्रवारी बाई येतायत, केस मागे बांधून. त्या फोटोशेजारी उभ्या राहणार. आणि तुझी भिंत तिथेच असेल, पेन्सिल नाही, ब्रश नाही, लपवाछपवी नाही. पाहुण्यांनी विचारलं, यात खरं काय, तर दाखव हं त्यांना बोटाने.”

नातू पडद्याकडे बघत होता. त्याने गाल मोठा केला, आणखी मोठा केला. पोटापाण्यासाठी का होईना, चेहरे बघण्यात वाढलेला पोरगा. त्याला ती नजर दिसली. दोन महिने दवाखान्यात काढून आलेली, दिव्याकडे जखम करून बसलेली बाई, आणि तिच्या डोळ्यांत असला राग की जुन्या फोटोत तो शांतपणा वाटायचा. गाल गुळगुळीत होता म्हणून लोकांनी डोळ्यांनाही शांत म्हणून टाकलं होतं.

“आजोबांना माहीत होतं?” त्याने हळूच विचारलं.

“बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, सुंदर नकोय. त्यांनी ऐकलं आणि मला म्हणाले, साफ कर. आता याला माहीत असणं म्हणायचं की नाही, ते तू ठरव. तुझे आजोबा.”

त्याने उठून भिंतीवर चिकटवलेल्या मजकुराचं एक टोक नखाने उचललं आणि ओढलं. अर्धा निघाला, अर्धा रंगासकट आला. मग परत येऊन त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

“फोटोखाली काय लिहू? कान का नाही, ते विचारतील.”

“लिही. आधी त्या तिघांची नावं. बाईंना फोन कर आणि विचारून घे, मला माहीत नाहीत, तेही लिही. मग लिही, हा चेहरा भाजला होता. बाईंनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. तरी तो पुसला, आणि कान सुरीने खरवडला.” आणि मावशींनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, सासरचं, माहेरचं, सगळं, एकेक अक्षर सुटं करून.

तो टाइप करता करता थांबला. “मावशी, फोटोखालची पट्टी एवढीशी असते. एवढं मावणार नाही त्यात.”

“मग पट्टी मोठी कर,” मावशी म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.